फॅमिलीला खोली नाही

४ ऑगस्ट, सोमवार

मागच्या खोलीपुढं चपला मोजल्या. अकरा जोड! खोलीत राहतात सहा. पंकजला म्हणलं, बाकीचे पाच कुणाचे? म्हणतो, "आजी, पाहुणे असतील." पाहुणे कसले! रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाले उठतात. गादी गार व्हायला वेळच मिळत न्हाई. डोक्यामागं भाडं घेतो म्हणून माझा नातू खूश. मी म्हणलं, डोकी मोजायची तर झोपल्यावर मोज.

तरी बरं हाय म्हणायचं. बॅचलर पोरं डबा घेऊन जातात, येतात, मोबाईल बघत पडतात. रडारड न्हाई, भिंतीवर पेन्सिल न्हाई, पाणी कमी. फॅमिली म्हणलं की धुणं, भांडी, पाहुणे, आणि दोन वर्षांनी आणखी एक. म्हणून पंकजनं गेटावर पाटी लावली, लाल अक्षरात — फॅमिलीला खोली नाही.

५ ऑगस्ट

शेजारच्या साळूबाईनंबी पाटी लावली. आमची बघून. वरून एक ओळ जास्त — चौकशी करू नये.

९ ऑगस्ट, शनिवार

आज एक पोरगा खोली बघायला आला. पुण्याचा, सुप्याच्या कंपनीत इंजिनिअर. नाव नृसिंह, आडनाव बामणाचं. शर्टाच्या गळ्यातून जानवं दिसत हुतं. त्यानं विहार बघितला, निळा झेंडा बघितला, आमच्या दारातला बाबासाहेबांचा फोटो बघितला. मी वाट बघत उभी — आता काय बोलतो. तर म्हणतो, "आजी, नळाला प्रेशर आहे का?"

दिली खोली.

पन्नास वर्षांपूर्वी ह्या वस्तीत पाणी प्यायला कोण थांबत न्हवतं. आता विचारतात, प्रेशर हाय का! गावानं आमाला खडकाळ कडेला टाकलं. मग कंपन्या आल्या त्या बरोबर त्याच कडेला. आता बागाईतवाल्या आप्पासाहेबांच्या माडीला भाडोत्री मिळत न्हाई आणि आमच्या पत्र्याला रांग लागते. मागल्या महिन्यात आप्पासाहेब स्वतः येऊन ओट्यावर बसले. एखादा गुंठा निघतो का म्हणाले. चहा सगळा प्याले. कपात थेंब ठेवला न्हाई. मी बघितला कप.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंड्याला गेले. शाळा आमच्या घराला लागूनच, मधी एक भिंत. दोन खोल्या, एक बाई, सात पोरं. नीलांबरीबाई नगरहून स्कूटीवर येतात. सात पोरांचं संचलन म्हणजे काय — पुढचं पोरगं वळलं तर शेवटच्याच्या मागं जाऊन उभं!

झेंडा झाल्यावर तालुक्याचा साहेब बोलायला उठला. म्हणाला, तीस सप्टेंबरला पट मोजणार. दहा भरले तर शाळा ऱ्हाईल. न्हाई भरले तर कुलूप, पोरं गावातल्या शाळेत. गावातली शाळा हायवेच्या पलीकडं. तिथं ट्रक कुत्र्यालाबी थांबत न्हाई. बाईंचं तोंड पिठासारखं झालं. 

पंकज मात्र घरी येईस्तोवर हसत हुता. शाळेची जागा आमचीच ना! तीन गुंठे. पंकजच्या आजानं, बन्सीनं, शाळेला तोंडी दिलेली. (नाव घेतलं नवऱ्याचं. वहीत कोण अडवतंय.) कागद न्हाई, सातबारा अजून घरच्याच नावावर. शाळेला कुलूप लागलं की जागा परत. पंकज म्हणतो, बारा खोल्या बसतात. मोबाईलवर नकाशाबी काढून झाला, संडासासकट.

खरं लिहायचं तर मलाबी बरं वाटलं. बन्सीला शाळेचं वेड. त्याला गावातल्या शाळेत दाराबाहेर बसवलं हुतं म्हणून. मला त्या तीन गुंठ्यांत हुलगे पेरायचे हुते. तेव्हा माझं कोणी ऐकलं न्हाई. बाईच्या जातीला विचारतंय कोण! आता उशिरा का हुईना, पीक येणार. हुलग्यांचं न्हाई तर खोल्यांचं.

१६ ऑगस्ट

सात. अजून सातच हायेत. भिंतीवरून डोकावून मोजले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बाई दारोदार फिरतायत. आज आमच्या ओट्यावर बसल्या, पाणी प्याल्या, वही काढली. मलाबी काम न्हवतं. दोघींनी मिळून वस्ती मोजली.

घरं एकतीस. आमच्या लोकांची शाळेच्या वयाची पोरं एकोणीस. त्यातली बारा पिवळ्या व्हॅननं इंग्लिश शाळेत जातात — ज्यांनी खोल्या बांधल्या त्यांची. सात इथं — ज्यांच्याकडं खोल्या न्हाईत त्यांची. आमचा अर्णव, पंकजचा पोरगा, बारांतला. पहिलीत हाय, टाय लावतो. आणि भाडोत्री दीडशेच्या वर. बीडचे, बिहारचे, नांदेडचे, कुठले कुठले. दीडशे माणसांत पोरगं किती? एकबी न्हाई!

मी म्हणलं, बाई, काळच तसा आलाय. पोरंच ऱ्हाईली न्हाईत.

बाई गोड बोलतात पण टोचतात. म्हणाल्या, "आजी, पोरं आहेत. गावाकडे म्हाताऱ्यांजवळ ठेवून येतात. तुमच्या गेटावरची पाटी वाचून."

मी म्हणलं, चहा टाकू का?

जाताना म्हणाल्या, शाळा बंद झाली तर त्यांची बदली लांब हुईल. भंडारदऱ्याकडं टाकतील बहुतेक. घरी पोरगी मैत्रेयी तीन वर्षांची. मी म्हणलं, हवा चांगली हाय तिकडं.

नको हुतं म्हणायला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

नातसून मनवा — सोनईची, बारावी पास, एका हातात पोळपाट आणि एका हातात मोबाईल — आज नवऱ्याला म्हणाली, मी कंपनीत जाऊ का? वायरींच्या कंपनीत बायाच जास्त घेतात. त्यांची बस वस्तीच्या कोपऱ्यावर थांबते.

पंकज म्हणला, "खोल्यांची मालकीण तू, आणि दुसऱ्याच्या वायरी बांधायला जाणार? माझ्या खोलीतली पोरं तुझ्या लाइनीत बसणार!" मग दुसरं काढलं. "आणि अर्णवचं काय? व्हॅन फाट्यावर येते. सकाळी कोण सोडणार, दुपारी कोण आणणार? आजीचा गुडघा?"

मला उगाच मधी ओढलं. पण गुडघा खरा हाय. फाट्यापर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागतं.

मनवा उठून मोरीवर गेली. भांडी अशी घासली की मी जाऊन पातेल्याला पोचा पडला का बघून आले.

३ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. दुपारी गेटापुढं एक टेम्पो थांबला. गॅसची टाकी, एक गादी, बादलीत भांडी, नवरा-बायको आणि तीन पोरं. आष्टीकडचे. नवरा वाल्मिक, बायको आशामती. दोघांनाबी कंपनीत काम लागलंय, राहायला जागा न्हाई. अकरा दारं फिरून आलेले. साळूबाईकडं तर चौकशीच करायची न्हाई.

मी ओट्यावर हुते. कोपऱ्यातली खोली मोकळी, दारसुद्धा उघडं. सोमवारी सहा बॅचलर यायचेत तिथं. आशामतीनं विचारलं, "मावशे, एखांदी खोली हाय का वो?"

मी म्हणलं, खोली भरली.

ती माझ्या मागं बघतच ऱ्हाईली. उघड्या दाराकडं.  पोरांना पाणी मागितलं. तांब्या दिला. तिची नजर दारातल्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली, एक घडी हात थांबला. मला कळतं ते थांबणं. जन्म गेला त्यात. मग प्याली. गटागटा. पोरांना पाजलं. तहान लागली की माणूस शहाणं हुतं.

टेम्पो गेला आणि मला बन्सी आठवला. म्हणजे तो न्हाई, ती घरमालकीण. नगरला, बहात्तरच्या दुष्काळात. बन्सीला मार्केट यार्डात हमाली लागली हुती, आमी खोली बघत हुतो. तिनं आडनाव विचारलं. मग म्हणाली, खोली भरली. तिच्या मागं दार उघडं हुतं. आत झाडू टेकवलेला दिसत हुता.

तेच दोन शब्द. माझ्याच तोंडातून. आमाला जात विचारून हाकललं, आमी पोरं मोजून हाकलतो. लई राग आला. कुणाचा आला ते कळंना. चहा केला, त्यात मीठ पडलं.

४ सप्टेंबर

सकाळी वाल्मिक फाट्यावर टेम्पोतच सापडला. रात्रभर तिथंच हुते. साळूबाईच्या पुतण्याला, गोरक्षला, गाडीवर पाठवून बोलावून घेतलं. खोली दिली.

पंकज रात्रपाळीहून आला. डोळे लाल आधीच, आणखी लाल झाले.

"आजी! सहा डोक्यांचं भाडं गेलं!"

"ह्यांचीबी पाच डोकी हायेत की. मोज."

"पोरांचं भाडं कुठं असतं!"

"मग पोरांना डोकी न्हाईत का?"

"पाटी वाचली नाही का त्यांनी?"

"वाचली. पाटी तुझी हाय, खोल्या माझ्या नावावर हायेत."

पाय आपटत झोपायला गेला. मनवा पदर तोंडाला लावून हसत हुती. ती हसती हे मला ठाऊक न्हवतं.

८ सप्टेंबर, सोमवार

काय ही माझी अक्कल!

दुपारी बाई पळत आल्या. ओट्यावर माझे दोन्ही हात धरले. "आजी, तुम्ही वाचवलं हो!" मला वाटलं स्कूटी आदळली का काय. तर आशामतीची दोन मोठी — कावेरी चौथीत, तिचा भाऊ दुसरीत — आज शाळेत बसली. सातावर दोन. नऊ! धाकटा तीनच वर्षांचा, तो अजून मोजत न्हाईत.

मी हसले. दुसरं काय करणार? बाई गेल्या आणि मी हिशेब लावत बसले. एक खोली दिली आणि बारा खोल्यांवर पाणी सोडायची वेळ आणली. शाळा भिंतीला लागून हाय, पोरं खोलीत घेतली तर ती शाळेत जाणार — बारक्या पोराला कळलं असतं! मला नगरच्या त्या घरमालकिणीचं उघडं दार तेवढं दिसलं.

पंकजच्याबी ध्यानात आलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणला, "आजी, नऊच आहेत ना अजून?" आणि गार पाणी प्याला.

१२ सप्टेंबर

नुसतं पोरगं असून भागत न्हाई म्हणं. आधार पाहिजे. कावेरीच्या आधारवर बापाचं नाव वाल्मिक, तिच्या भावाच्या आधारवर वाल्मीकी. मशीन म्हणतं हा बाप न्हवं. पोरगं समोर उभं, नाक पुसतंय, बाप शेजारी उभा, दोघांची नाकं सारखी — तरी न्हाई! बाई दोघांना स्कूटीवर घालून सुप्याला गेल्या. चार तास. दुरुस्त करून आल्या. भिजून चिंब, आणि हातात कागद असा धरला हुता जसं काय लेकरू.

साळूबाई म्हणली, "भागिरथे, बामणाची बाई आपल्या शाळेसाठी रडती आणि आपण तिच्या कुलपाची वाट बघतो. काय दिवस आले गं."

मी म्हणलं, तू तुझी पाटी बघ.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आशामती आणि वाल्मिक पाळ्या बदलून जातात, पण मधले दोन तास धाकटा माझ्याकडं. मला विचारलं न्हाई, ओट्यावर आणून बसवला. काय करायचं त्याचं! दिवसभर म्हणतो, काय ते, का ते. ओट्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. पुसणार हुते. ऱ्हाईलं.

पंकजनं भाड्याचं बघितलं. दोघं कमावतात, भाडं आल्याआल्या रोख दिलं. बॅचलर खोलीतला एकजण मागल्या आठवड्यात पळाला, दोन महिन्यांचं बुडवून, वर बादली घेऊन.  पाटी मात्र तशीच हाय.

मनवा आणि आशामती संध्याकाळी नळावर उभ्या ऱ्हातात. हंडा भरून वाहतो तरी बोलणं संपत न्हाई. मी म्हणलं, काय एवढं? मनवा म्हणली, "काही नाही आजी, कंपनीतलं." कंपनीतलं ऐकून हिला काय करायचंय!

२३ सप्टेंबर

कावेरी भिंतीवर चढून मला विचारते, "आजे, ही शाळा बंद पडणार का?" मी म्हणलं, पडली तर पडली, दुसरी हाय गावात. ती म्हणली, "तीन वर्सात ही माजी चौथी शाळा हाय. इथं बाईंनी बाकावर माजं नाव लिवलंय."

उतर खाली, पडशील, म्हणलं.

२८ सप्टेंबर, रविवार

बाई रविवारी आल्या. सुट्टीच्या दिवशी, नगरहून. वस्तीत परत एक फेरी मारली. साळूबाईनं सांगितलं, पाटी काढते, पण आता दोन दिवसांत फॅमिली कुठून आणू, दुकानात मिळते का? खरं हाय. बाई आमच्याकडं आल्या. बराच वेळ मैत्रेयीचं बोलल्या, पावसाचं बोलल्या. मग हळूच, "आजी… एकच कमी आहे. तुमचा अर्णव…"

मी म्हणलं, त्याची फी भरलीय वर्षाची.

"हो. नाही, बरोबर आहे," म्हणाल्या.

आणखी काही म्हणाल्या न्हाईत. म्हणायला पाहिजे हुतं. भांडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. मी म्हणले असते, तुमची मैत्रेयी कुठं घालणार, सांगा? आमच्यासारख्या शाळेत घालाल का? त्या भांडल्या न्हाईत, म्हणून ते सगळं माझ्याच पोटात ऱ्हाईलं.

खरं काय हाय ते लिहिते, कोण वाचतंय. शाळा ऱ्हावी असं वाटतं, पण दुसऱ्याच्या पोरांनी भरावी. आपल्याला टाय पाहिजे. बन्सीनं जागा दिली तेव्हा ह्या वस्तीत घालायला दुसरी शाळा न्हवती. आता हाय, आणि व्हॅनबी हाय. वस्तीतल्या सगळ्यांचं तसंच. मी एकटीच कशाला वाईट हुऊ? पंकजनं त्या फीसाठी दोन वर्षं रात्रपाळी केली. पोराच्या तोंडून एबीसीडी ऐकली की त्याचा शीण जातो. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू?

मनवा चहाचे कप उचलायला आली. सगळं ऐकलं हुतं तिनं. अर्णवची वही उघडून बाईंना दाखवली. "ही वाचा ना बाई, मॅडमनी काय लिहिलंय? मला नीट कळत नाही." बाईंनी वाचलं — पोरगं वर्गात बोलत न्हाई, घरी इंग्लिश बोलत जा. मनवा म्हणली, "घरी कोण बोलणार? आजी?"

त्यात हसण्यासारखं काय हुतं! पण तिघीबी हसलो.

२९ सप्टेंबर, सोमवार

उद्या साहेब येणार. नऊ. पंकजनं विटांच्या टेम्पोवाल्या रविराजला फोन करून भाव विचारला. मी भाकरी एक कमीच खाल्ली.

३० सप्टेंबर, मंगळवार

दहा.

मी नेलं न्हाई. मनवानं फाट्यावरून व्हॅन अर्णवला न घेताच लावून दिली, त्याला टायसकट, आधारसकट भिंतीपलीकडं बाईंच्या ताब्यात दिलं, आणि तशीच आशामतीबरोबर कंपनीच्या बसमधी चढली. स्वतःच्या आधारचा कागद पदराला बांधलेला, कंपनीत दाखवायला. चढताना मला म्हणली, "आजी, चार पावलं आहेत, गुडघ्याला जमतील. दुपारी आणा त्याला." साहेबानं दोनदा मोजलं. दोन्ही वेळा दहा.

पंकज आता उठलाय. उंबऱ्यात उभा राहून विचारतोय, आजी, मनवा कुठंय?

मला काय माहीत! मी भाकरी थापते.